सिव्हिअर अस्थमात काही जणांना स्टिरॉइड का लागू पडत नाही?

आधी एक सांगतो, "स्टिरॉइडचा उपयोगच होत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं इन्हेलर ओढायचं तंत्र चुकत असतं नाहीतर डोस बुडालेले असतात, ते पहिलं तपासून घ्या. खरा रेझिस्टन्स त्यामानाने कमी.

आता मूळ प्रश्न. स्टिरॉइड पेशीत शिरून ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला (जीआर, स्टिरॉइड धरणारं पेशीतलं प्रथिन) चिकटतं, ही जोडी न्यूक्लियसमध्ये जाते आणि एचडॅक२ नावाच्या एन्झाइमला सूज वाढवणाऱ्या जीन्सपाशी बोलावते, ते एन्झाइम हिस्टोनवरचे (डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती) अ‍ॅसिटिल गट काढतं, डीएनए परत घट्ट गुंडाळला जातो आणि जीन गप्प. गोची इथेच होते. सिगारेटचा धूर, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस यांनी पीआय३के-डेल्टा नावाचं दुसरं एन्झाइम चालू होतं आणि एचडॅक२ मंदावतं, म्हणजे स्टिरॉइड पोचलं तरी स्विच बंद करणारा माणूसच जागेवर नाही! (थिओफिलिन या दम्याच्या जुन्या औषधाच्या कमी डोसने एचडॅक२ जागं होतं असं लॅबमध्ये दिसलं होतं, सीओपीडी या फुफ्फुसाच्या दुसऱ्या जुनाट आजाराच्या मोठ्या ट्रायलमध्ये मात्र फुसकं निघालं.)

दुसरं म्हणजे आयएल-२ आणि आयएल-४ हे रोगप्रतिकारक पेशींचे संदेश-रेणू दोन्ही वाढले की पी३८ एमएपीके नावाचं एन्झाइम त्या जीआर रिसेप्टरवर फॉस्फेट चिकटवतं, मग रिसेप्टरची स्टिरॉइड धरायची ताकद घटते. जीआर-बीटा नावाचा डुप्लिकेट रिसेप्टर पण आहे, पण रेझिस्टन्सचं कारण म्हणून त्याच्यावर मला फार भरवसा नाही. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेल्या अस्थमात तर स्टिरॉइड मुळातच कमी चालतं, उलट न्यूट्रोफिल त्याने जास्त जगतात.

इओसिनोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतील तर मेपोलिझुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत, अमेरिकेत २०१५ पासून, त्यांनी प्रेडनिसोलोनचा (तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडचा) डोस उतरवता येतो. पण हळूहळू, डॉक्टरांना विचारूनच, कारण तोवर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावलेल्या असतात.