कॅथलिक घरात वर्षाचे सण आणि काळ नुसते साजरे न करता जगायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर पुण्यात आलात, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकत नाही, नाताळला गोठा होतो, ईस्टरला जेवण होतं, पण मधलं सगळं वर्ष कोरडं जातं. धाकट्याने विचारलं, "आज फादर जांभळे कपडे का घालून आले?" आणि तुम्हाला सांगता आलं नाही. ते वाचून लिहावंसं वाटलं. मी वसईची. आमच्याकडे अख्खं गाव एका चर्चच्या घंटेवर चालतं, त्यामुळे पुष्कळ गोष्टी न शिकवता अंगात येतात. फ्लॅटमध्ये तसं होत नाही हे मला कळतं, माझी बहीणच तशी राहते. म्हणून घरात करता येईल तेवढंच सांगते.

सुरुवात झावळीपासून करा. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये आशीर्वादित झावळी मिळते. बरेच जण ती घरी आणून कुठेतरी खोचतात आणि विसरतात. माझी आई मिस्साहून आली की जेवणाआधी ओट्यावर बसायची. एक पाती मधोमध दुमडायची, दुसरी तिच्यात आडवी ओवायची, टोक मागून खेचून घट्ट करायची, की झाला क्रूस. तो मरियामातेच्या तसबिरीमागे जायचा. तेव्हा पोपटी असायचा, पावसाळ्यात पिवळा पडायचा, नाताळपर्यंत खाकी होऊन कडा वळायच्या. जोराचं वादळ झालं की आई त्यातली एक काडी निखाऱ्यावर टाकून प्रार्थना म्हणायची. मग पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी चर्चमध्ये जुन्या झावळ्या परत मागवतात. त्या जाळून जी राख होते, तीच बुधवारी आपल्या कपाळावर येते.

हे मला दहाव्या-अकराव्या वर्षी कळलं आणि मी कितीतरी वेळ गप्प होते. जी पानं हलवत आपण येशूचा जयजयकार करत होसान्ना म्हटलं, तीच वर्षभर घरात वाळतात आणि शेवटी फादर कपाळाला लावून सांगतात की तू माती आहेस. मुलांना धर्मशिक्षणाच्या दहा तासांत जे कळणार नाही ते या एका पानातून कळतं.

त्या बुधवारपासून ईस्टरच्या तयारीचा उपवासकाळ सुरू होतो, काही जण प्रायश्चित्तकाळ म्हणतात. जांभळा रंग तेव्हाचा, आणि नाताळआधीच्या आगमनकाळाचाही. दोन्ही तयारीचे काळ. उपवासकाळ रविवार सोडून चाळीस दिवसांचा. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन कडक उपवास १८ ते ५९ वयाच्या माणसांना, आणि मांस वर्ज्य १४ वर्षांपासून पुढे. मुलांना त्यात ओढू नका, पण त्यांना काहीतरी सोडू द्या. चर्चचा नियम मांसाचा आहे, मासळी चालते. आमच्या घरी मात्र शुक्रवारी मासळीही बंद असायची, कारण समुद्राकाठच्या माणसाचा जीव मटणात नसतो, बोंबलात असतो. सोडायचं तर जीव आहे ते सोडावं, असं आईचं म्हणणं. वाचलेले पैसे एका डब्यात पडायचे आणि ईस्टरआधी ज्याला गरज आहे त्याच्या घरी जायचे. कुणाच्या, ते आम्हाला कधी सांगितलं नाही. हा डबा नक्की ठेवा. नुसतं पोट रिकामं ठेवण्यात अर्थ नाही.

या दिवसांत आमच्याकडे लग्नं होत नाहीत, बँड वाजत नाही. मिस्सामध्ये आलेलुया, म्हणजे देवाच्या स्तुतीचा आनंदाचा घोष, गात नाहीत. मुलांनी एका कागदावर रंगवून 'आलेलुया' लिहावं, तो कागद पेटीत बंद करावा आणि ईस्टरच्या रात्रीच बाहेर काढावा. माझ्या भाच्यांना हे फार आवडतं.

पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, जमलं तर सुट्टी काढाच. ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते हे मुलांना आकाशात दाखवा. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे गुरुवारच्या रात्री पाय धुण्याचा विधी आणि आराधना आटोपून घरी निघालं की चंद्र पौर्णिमेच्या आसपासचा असतो. अटकेच्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमानीच्या बागेवरही असाच चंद्र असणार. शनिवारी रात्री चर्चमध्ये मिट्ट काळोख असतो, बाहेर अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती लागते आणि एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची लागत सगळं चर्च उजळतं. उशीर होतो म्हणून मुलांना घरी ठेवू नका. झोपली तर बाकावर झोपू देत.

आणि इथे आपण सगळे चुकतो. उपवास चाळीस दिवस करतो, पण पुनरुत्थानाचा काळ पन्नास दिवसांचा आहे, पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याचा सण), तो सोमवारी सकाळीच गुंडाळून ठेवतो. माझी आई अशाच एका ईस्टर काळात गेली. शवपेटीजवळ पास्काची मेणबत्ती तेवत होती, तिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले. दोनच आठवड्यांपूर्वी भावाच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला होता, तिची छोटी मेणबत्ती याच मेणबत्तीवरून पेटवली होती आणि आईने ती हातात धरली होती. मी प्रार्थना काही म्हणू शकले नाही, त्या ज्योतीकडे बघत राहिले. तेव्हापासून आमच्या घरी ईस्टरनंतर पन्नास दिवस रात्रीच्या जेवणाला एक मेणबत्ती लागते. एवढंच. मुलं आता आठवण करून देतात.

आगमनकाळ नाताळच्या चार रविवार आधी सुरू होतो, साधारण ३० नोव्हेंबरच्या आसपास. दुकानात १ डिसेंबरपासून नाताळ असतो, घरात नको. चार मेणबत्त्या ठेवा, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, आणि दर रविवारी एक वाढवत जा. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी ताटलीत ओली माती पसरून गहू किंवा नाचणी पेरा. मुलांना पाणी शिंपडायला सांगा. २४ तारखेला बोटभर हिरवं रान उगवलेलं असतं, ते गोठ्यात ठेवायचं. गव्हाण मात्र रात्रीच्या मिस्साहून परत येईपर्यंत रिकामी. बाळ येशूला ठेवण्याचा मान सगळ्यात धाकट्याचा. गोठ्याची ही प्रथा संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावात रुजवली, खरा बैल आणि खरं गाढव आणून. करंज्या, केक, इंद्याल हे सगळं २५ पासून. मग जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत गोठा काढू नका.

उरलेलं वर्ष हिरवं, सामान्यकाळाचं, तेहतीस-चौतीस आठवडे. त्यात सगळं पाळायला गेलात तर दमाल. तुमच्या घराशी ज्यांचं नातं आहे तेवढे दिवस घ्या. प्रत्येकाच्या नावाच्या संताचा दिवस कालनिर्णयवर लिहून ठेवा. आमच्या घरी ५ फेब्रुवारी असतो. संत गोन्सालो गार्सिया वसईचेच, १५९७ मध्ये त्या दिवशी जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर हुतात्मा झाले, १८६२ मध्ये संत घोषित झाले. आपल्या गल्लीतला माणूस तिथवर पोचला हे मुलांना सांगताना माझा आवाज अजूनही बदलतो. १५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा आणि मग चर्चच्या आवारात झेंडावंदन. ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिवस. मंगळुरूकडे त्या दिवशी भाताची नवी कणसं आशीर्वादित करून घरी नेतात, मुंबईतल्या ईस्ट इंडियन गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे सुगीचा सण, असतो. तुमच्याकडे शेत नसेल, पण नव्या तांदळाची पहिली पिशवी फोडताना एक प्रार्थना होऊ शकते. ऑक्टोबरमध्ये रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ. रोज पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे भाग) जमली नाहीत तर एक म्हणा, पण टीव्ही बंद करून.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मात्र गावी या. कबरी धुवायच्या, झेंडूची फुलं घालायची, संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्या. मुलांना आपल्या पणज्याचं नाव दगडावर वाचू द्या.

हे सगळं एकदम सुरू करू नका. येत्या झावळ्यांच्या रविवारी झावळी घरी आणा आणि मुलांबरोबर बसून क्रूस विणा. पहिल्यांदा सुटतो, दोन पाती जास्त घ्या. तसबिरीमागे ठेवला की मागे तारीख लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी परत न्यायचा कुठला ते कळेल.