पोळ्या लाटून कोपर दुखू लागले, तर
ताई, पोळ्या लाटायच्या केंद्रात रुजू होऊन महिना होत नाही तोच कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी ठणकू लागले, असे तुम्ही सांगितलेत. माझेही पहिल्या वर्षी हेच झाले होते. दुखते कोपरात, पण मूळ मनगटात असते: लाटणे आवळून धरताना मनगट उचलणारे स्नायू सतत ताणलेले राहतात आणि त्यांना कोपराशी जोडणारी कंडरा हळूहळू झिजते. यालाच डॉक्टर टेनिस एल्बो म्हणतात. तळवा खाली ठेवून भरलेले पातेले उचलताना कळ आली, तर बहुधा तेच असते.

लाटणे सैल धरा, कपडे पिळणे काही दिवस घरातल्या दुसऱ्या कोणावर सोपवा, पण हात अगदीच स्वस्थ ठेवू नका. हात टेबलावर टेकवून, मनगट कडेबाहेर आणि तळवा खाली ठेवून, अर्ध्या लिटरची भरलेली बाटली दुसऱ्या हाताच्या आधाराने वर घ्या आणि दुखऱ्या हाताने चार-पाच सेकंद घेत सावकाश खाली सोडा. असे दहा-पंधरा वेळा करा. थोडे दुखले तरी चालते, मात्र दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले असेल, तर बाटलीतले पाणी कमी करा. बरे व्हायला कित्येक महिने लागतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने लगेच आराम पडतो, पण पुढे दुखणे उलटण्याची शक्यता वाढते, म्हणून त्याची घाई नको. करंगळीला मुंग्या येत असतील किंवा सांधा सुजला असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.