गिरणीतल्या पणजोबांचा माग : कुठे शोधायचं, आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गाव संगमेश्वर तालुक्यात, पणजोबा परळला गिरणीत होते, नाव धोंडू सखाराम, गिरणी कुठली ते घरात कुणालाच माहीत नाही, हातात फक्त मनिऑर्डरची जुनी कुपनं. एवढ्यावर काही हाती लागेल का? लागेल हो. फक्त पणजोबांचे स्वतःचे कागद शोधू नका, ते नसतातच. त्यांच्याशी ज्याचा ज्याचा पैशाचा व्यवहार होता त्याच्या वहीत ते सापडतात, म्हणजे खोत (गावचा सारा वसूल करणारा), तलाठी, गावकीचं मंडळ (मुंबईतल्या गावकऱ्यांचं), गिरणी.

कुपनावर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोस्टाचा शिक्का असतो, त्यावरून निदान चाळ किंवा भाग आणि साल कळतं. मग गावकीकडे वळा. चाकरमानी मुंबईत गावाच्या सामायिक खोलीत राहायचे, पाळ्या लावून झोपायचे, आणि दर महिन्याला मंडळाला वर्गणी द्यायचे. ही वर्गणीची वही म्हणजे सोनं आहे, तिच्यात नाव, वाडी, कुणाची वर्गणी थकली, कोण गावी गेला, कुणाच्या मयतीला किती दिले हे सगळं सापडू शकतं. बऱ्याच मंडळांच्या जुन्या वह्या अजून कुठल्यातरी सेक्रेटरीच्या घरी माळ्यावर पडून आहेत आणि मला मनापासून वाईट वाटतं की घर रंगवायला काढलं की त्या रद्दीत जातात. तेव्हा हे काम पहिलं करा, सरकारी दप्तर कुठे पळून जात नाही.

गिरणीकडून फार आशा ठेवू नका. पीएफचा कायदा १९५२ चा, पणजोबांनी त्याआधी गिरणी सोडली असेल तर पीएफचा कागद बहुधा नाहीच. नंतरपर्यंत होते तर फॉर्मवर वारसाचं नाव असतं, ते कामाचं. आजोबा किंवा काका गिरणीत लागले असतील तर त्यांचा कागद बघा, बापाच्या ओळखीनं मुलगा त्याच गिरणीत चिकटायचा, म्हणजे गिरणीचं नाव तिथून निघू शकतं. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेल्यांसाठी म्हाडाच्या घरांची योजना आली, तेव्हा घराघरातून तिकीट नंबर (गिरणीतला कामगाराचा नंबर), हजेरी कार्ड, पगाराच्या स्लिपा बाहेर निघाल्या होत्या, चुलत घरांत तो गठ्ठा आहे का विचारा.

आता गाव. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर. मुलाचं नाव बहुतेक नसतं, "धोंडू सखाराम यास मुलगा" एवढंच, आणि आडनावही नसतं, जात लिहिलेली असते. एका गावात तीन धोंडू सखाराम निघतात, म्हणून वाडी, भाऊ आणि बायको जुळल्याशिवाय आपला म्हणू नका. १९१८ चं पान जरूर उघडा, त्या वर्षी इन्फ्लुएंझानं लोक पटापट गेले आणि कारणाच्या रकान्यात नुसतं "ताप" लिहिलेलं दिसतं, घरात एखादी शाखा अचानक संपलेली असेल तर कारण तिथं असू शकतं.

जमिनीचं बघताना एक लक्षात घ्या, पणजोबा मुंबईत आणि शेत पणजी करायची. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली, आणि पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांना (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना) जमीन विकत मिळायची, कुळकायद्याच्या कलम ३२ग ची प्रकरणं चालली. त्या फायलीत कुळाचा जबाब असतो. मला सगळ्या दप्तरात हाच कागद सगळ्यात जवळचा वाटतो कारण तिथं माणूस स्वतः बोलतो, कोण कसतं, खंड (जमिनीचं भाडं) किती, घरचा माणूस कुठे असतो, आणि खाली अंगठा. पणजीचं नाव दुसरीकडे कुठेच नसलं तरी इथे किंवा वारस फेरफारात (वारसांची नावं जमिनीला लावल्याच्या नोंदीत) निघतं.

शाळेच्या जनरल रजिस्टरातली जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर विसंबू नका, मास्तरांनी अंदाजे लावलेली असते. त्यापेक्षा म्हाताऱ्या माणसांना प्रसंग विचारा. "रामदास बोट बुडाली तेव्हा मी पोटात होतो असं आई सांगायची" म्हणाले तर ते १७ जुलै १९४७, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले" म्हणाले तर ११ डिसेंबर १९६७. अशी दोन-तीन टोकं धरली की रजिस्टरची नेमकी दोन-चार वर्षंच मागता येतात, आणि क्लार्कही मग वैतागत नाही. अर्जात गाव, तालुका, वर्षं आणि नातं स्पष्ट लिहा, नक्कल मागा, "नोंद आढळली नाही" म्हणाले तर तेही लेखी घ्या.

पान मोडी लिपीत असेल तर घाबरू नका, "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा आणि "कोम" म्हणजे अमक्याची बायको, एवढं ओळखता आलं तरी नावं लावता येतात. अडलात तर पानाचा फोटो इथेच टाका, कडा कापू नका, वरचा मथळा दिसला पाहिजे, मी बसून वाचून देईन.