पगार थकलाय म्हणून ‘बाहेर’ पळू का?

अरे भाच्या, मावशी म्हणून लिहिलंयस तर मीही तसंच बोलते. तुझं पत्र दोनदा वाचलं. खेडचा मुलगा, दुबईत सोनापूरच्या कॅम्पात, शटरिंगचं काम, दोन महिने पगार नाही, पासपोर्ट कंपनीकडे, आणि घरी मात्र सांगितलंयस की मस्त चाललंय. आता रूममधला एक जण म्हणतो चल शारजाला, ओळखीच्या गॅरेजमध्ये कॅशवर काम आहे. जाऊ का, विचारतोस.

नको. अजिबात नको. सलग ७ दिवस कामावर दिसला नाहीस की कंपनी तुझ्या नावाने रिपोर्ट टाकू शकते, मग पगार बुडवणारा राहतो बाजूला आणि पळालेला म्हणून तूच अडकतोस. आणि त्या गॅरेजवाल्याने उद्या पैसे बुडवले तर तक्रार कोणाकडे करणार, तिथं तर तू कागदावरच नाहीस.

त्यापेक्षा कामावर जात राहा आणि तक्रार टाक. तिथल्या कामगार मंत्रालयाचं ॲप आहे, त्यावरून होते. पगार बँकेतून द्यायची सिस्टिम तिकडे २००९ पासून आहे, त्यामुळे तुझा पगार आला की नाही हे त्यांना दिसतं, फोरमनच्या हातापाया पडायची गरज नाही. ५० हजार दिरहमपर्यंतच्या भांडणात मंत्रालय स्वतःच निकाल देऊ शकतं. अरबी-इंग्रजीची भीती वाटत असेल तर आपल्या सरकारच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राला फोन लाव, ८००४६३४२, फुकट आहे आणि हिंदीत बोलतात. पासपोर्टचंही तिथंच सांग, तो ठेवून घ्यायचा कंपनीला हक्कच नाही. काँट्रॅक्ट, आयडी, जुन्या पगाराचे मेसेज, सगळ्याचे फोटो काढून बहिणीला पाठवून ठेव. आणि ‘पगार मिळाला’ असं लिहिलेल्या किंवा कोऱ्या कागदावर सही करायची नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी.

एजंटने १ लाख २० हजार घेतले म्हणतोस. कायद्याने त्याला ३० हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं रे! पावती असेल तर जपून ठेव, नसेल तर पैसे दिल्याचे मेसेज तरी शोध. (मला त्याचा राग आलाय तो वेगळाच.)

आता घरचं. ते तू दोनच ओळीत उरकलंस, पण मला वाटतं खरं दुखणं तिथंच आहे. बाबांनी स्लॅबची तयारी सुरू केली म्हणून तुला झोप नाही, पण मॉलमधले फोटो तूच पाठवलेस ना, ते बघून त्यांनी हिशोब मांडला, त्यात त्यांचं काय चुकलं? आईला एकदम नको सांगूस, ती आधीच गणपतीला येतोस का म्हणून मागे लागलीय. आधी बहिणीला सांग, मग तिला शेजारी बसवून बाबांना फोन कर आणि आकडा सांग, हातात किती येतं, मेसला किती जातं, एजंटचं व्याज किती. ‘थोडं टाइट आहे’ असलं गुळमुळीत नको. बाबा चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. बोलतील नंतर. आणि कोकणात ऐन पावसात स्लॅब तसाही कोण टाकतंय, दिवाळीपर्यंत वेळ आहे तुमच्याकडे.

तक्रार नंबर मिळाला की मला लिही.