प्लगिन, प्रोव्हायडर, अ‍ॅडऑन : क्यूजीआयएसमध्ये कशाला काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा : क्यूजीआयएस (नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळणारं सॉफ्टवेअर, ज्याला प्लगिन म्हणजे जोडभाग लावता येतात) याची मराठी प्रशिक्षण पुस्तिका लिहिताना 'कोअर प्लगिन', 'पायथन प्लगिन', 'प्रोव्हायडर' आणि 'अ‍ॅडऑन' हे शब्द एकमेकांत मिसळताहेत. शिवाय प्लगिनच्या यादीत ग्रास (क्यूजीआयएसमधून चालवता येणारं दुसरं एक भौगोलिक सॉफ्टवेअर) दोनदा का दिसतं?

हे शब्द एका रांगेतले नाहीत, तिथेच घोळ होतो. एखादं प्लगिन आलं कुठून, लिहिलंय कशात आणि बसतं कुठे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. 'कोअर' हे फक्त पहिल्याचं उत्तर. ते क्यूजीआयएसच्या इन्स्टॉलरबरोबर येतं आणि क्यूजीआयएस बनवणारी मंडळीच ते सांभाळतात, इतकाच त्याचा अर्थ. टोपोलॉजी चेकर सी प्लस प्लसमध्ये आहे. डीबी मॅनेजर आणि मेटासर्च पायथनमध्ये. तिन्ही कोअरच. तेव्हा पुस्तिकेत 'कोअर प्लगिन्स आणि पायथन प्लगिन्स' असं प्रकरण असेल तर आधी ते मथळ्यासकट खोडा. जोडी लावायची तर 'सोबत येणारी' आणि 'बाहेरून घेतलेली' अशी लावा. भाषेचा उल्लेख प्लगिन लिहिणाऱ्यांसाठीच्या भागात करा, वापरणाऱ्याला त्याचं काही पडलेलं नसतं.

ओळखण्याची खूण सोपी आहे. कोअर प्लगिन अनइन्स्टॉल होत नाही, फक्त टिक काढून बंद करता येतं. बाहेरचं प्लगिन वापरकर्त्याच्या प्रोफाइलच्या फोल्डरात उतरतं, म्हणून प्रोफाइल बदललं की ते गायब. 'काल होतं, आज नाही' या लॅबमधल्या तक्रारीत आधी हेच तपासा. मात्र टिक काढण्याचा सल्ला सरसकट देऊ नका. प्रोसेसिंग (विश्लेषणाची साधनं टूलबॉक्समध्ये पुरवणारा भाग) हेही यादीत एक कोअर प्लगिन म्हणूनच दिसतं, आणि ते बंद केलं की टूलबॉक्सबरोबर व्हेक्टर मेनूतलं बफर, क्लिपही जातं.

'प्रायोगिक' आणि 'कालबाह्य' हे प्रकार नव्हेत, लेखकाने लावलेले शिक्के आहेत. प्लगिन मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये प्रायोगिक प्लगिन्स दाखवण्याची टिक नसेल, तर शोधूनही ती सापडत नाहीत. विद्यार्थी मात्र नावाचं स्पेलिंग तपासत बसतात.

'प्रोव्हायडर' हा खरा त्रासदायक शब्द, कारण तो दोन गोष्टींना लागतो. डेटा प्रोव्हायडर म्हणजे लेयर (नकाशाचा एकेक थर) वाचणारा भाग : ओजीआर, पोस्टग्रेस, डब्ल्यूएमएस वगैरे. तो लेयर उघडताना आपोआप कामाला लागतो आणि प्लगिन मॅनेजरमध्ये दिसत नाही. प्रोसेसिंग प्रोव्हायडर म्हणजे टूलबॉक्समधला अल्गोरिदमांचा गट, आणि तो प्लगिनमधून येऊ शकतो. पुस्तिकेत नुसतं 'प्रोव्हायडर' कधीच लिहू नका. 'डेटा' किंवा 'प्रोसेसिंग' हे आधी यायलाच हवं.

आता ग्रास. यादीतल्या दोन्ही नोंदी कोअर आहेत, पण कामं निराळी. एक सी प्लस प्लसमधलं ग्रास प्लगिन : त्यात आधी मॅपसेट (ग्रास आपला डेटा ठेवतं तो फोल्डर) उघडावा लागतो, मग ग्रासची साधनं चालतात आणि निकाल त्या मॅपसेटमध्येच राहतो. दुसरं ग्रासचं प्रोसेसिंग प्रोव्हायडर : ते दर वेळी तात्पुरतं लोकेशन (मॅपसेट ज्यात असतात ती ग्रासची जागा) तयार करतं, तुमचा लेयर आत घेतं, आज्ञा चालवतं आणि निकाल फाइल म्हणून बाहेर काढतं. पहिल्याची कृती वाचून दुसरं चालवलं तर 'मॅपसेट कुठे उघडायचा?' हा प्रश्न येणारच. मोठ्या रास्टरवर (उपग्रहचित्रासारख्या, चौकटींच्या जाळीतल्या डेटावर) दहा पायऱ्या करायच्या असतील तर पहिलं बरं, कारण दर पायरीला होणारी आयात-निर्यात वाचते. एखाददुसऱ्या आज्ञेसाठी दुसरं पुरे.

'अ‍ॅडऑन' हा शब्द मी क्यूजीआयएससाठी वापरूच नये म्हणेन. तो ग्रासच्या घरातला आहे : ग्रासच्या जी डॉट एक्स्टेन्शन या आज्ञेने जे बसवतात ते अ‍ॅडऑन. ते बसवलं म्हणून क्यूजीआयएसच्या टूलबॉक्समध्ये आपोआप येत नाही. त्याची वेगळी वर्णनफाइल प्रोव्हायडरला द्यावी लागते. क्यूजीआयएसचं प्लगिन आणि हे, दोन्हींना 'अ‍ॅडऑन' म्हटलं की वाचणारा ते प्लगिन मॅनेजरमध्ये शोधत बसतो.

मॉडेल, प्रोसेसिंग स्क्रिप्ट आणि स्वतः लिहिलेलं एक्स्प्रेशन फंक्शन यांनाही प्लगिन म्हणू नका. ती मॅनेजरमध्ये दिसत नाहीत, तिथून अपडेटही होत नाहीत.

जुन्या नोट्समधून मजकूर उचलत असाल तर जिओरेफरन्सर (स्कॅन केलेला नकाशा खऱ्या स्थानांवर बसवणारं साधन) जरूर तपासा. पूर्वी ते कोअर प्लगिन होतं, रास्टर मेनूत असायचं आणि आधी चालू करावं लागे. आता ते मूळ प्रोग्राममध्येच गेलंय, लेयर मेनूत. 'प्लगिन मॅनेजरमध्ये जाऊन टिक करा' ही ओळ नव्या आवृत्तीत कुठेच पोचवत नाही. सागाचं (ग्राससारखंच आणखी एक विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) उलट झालं : पूर्वी प्रोसेसिंगबरोबर यायचं, आता त्यासाठी 'प्रोसेसिंग सागा नेक्स्टजेन' हे बाहेरचं प्लगिन घ्यावं लागतं, आणि सागा स्वतः संगणकावर असावं लागतं ते वेगळंच. म्हणून प्रत्येक साधनाच्या पहिल्या उल्लेखाशी क्यूजीआयएसची आवृत्ती लिहा, 'कोअर'पुढे तर हमखास.