माळवदाचं घर दुरुस्तीला काढण्याआधी

ताई, पहिल्यांदाच जुन्या माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या घराला हात लावायलात ना, घाबरू नका, फक्त घाई करू नका. सगळ्यात मोठी चूक म्हणजे दगडमातीच्या भिंतीवर थेट स्लॅब टाकणं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच जाड भिंती झोपेतल्या माणसांवर पडल्या, त्यामुळं इंजिनियरला दाखवल्याशिवाय वर वजन चढवायचं नाही म्हणजे नाही.

दुसरं म्हणजे ओल. आमच्याकडं न्हाणीची फरशी उचलली तर खालचा पाइप सडलेला, भिंत कमरेपर्यंत ओली, बोट लावलं की माती भुसभुशीत गळायली, आणि आम्ही दोन वर्षं नुसता वरून रंग देत होतो. पाणी कुठून येतंय ते आधी शोधा, रंग सगळ्यात शेवटी.

बाकी:
- काम दिवाळीनंतर काढा, बोअरला पाणी असतं. प्लॅस्टरवर किमान ७ दिवस पाणी मारायचंय, ते एप्रिल-मेमध्ये टँकरवर परवडत नाही.
- फोडल्यावर काहीतरी निघतंच, थोडे पैसे बाजूला ठेवा.
- सगळं घर एकदम उकरू नका. स्वयंपाकघर आणि एक खोली शाबूत राहू द्या, लेकरांचा अभ्यास अन् म्हाताऱ्या माणसांची झोप तिथंच होणार.

टाइल्स, पीओपीचं नंतर बघू. आधी ओलीचा फोटो टाका.