तुमचे प्रश्न, मैदानाची उत्तरं : इटलीचे जुने जिम्नॅस्ट

मागच्या अंकात इटलीच्या जुन्या जिम्नॅस्टबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी सगळं सदर त्यांनाच दिलंय. सांगली-साताऱ्यात मल्लखांब घराघरात माहीत आहे त्यामुळे असेल, पण शरीर हवेत फिरवणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे कुतूहल भारी आहे बघा.

प्रश्न (मिरजेहून एक आई): माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, दोरीच्या मल्लखांबाला जाते. क्लासमधल्या एका पालकांनी सांगितलं की इटलीच्या अकरा वर्षांच्या पोरीने ऑलिम्पिक मेडल घेतलं होतं. हे खरंय का? मग आम्ही उशीर केला का हो?

उत्तर: ताई, खरंय. लुइजिना जावोत्ती तिचं नाव. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांचं जिम्नॅस्टिक्स पहिल्यांदाच आलं, त्यात इटलीच्या टीमने सिल्व्हर घेतलं आणि लुइजिनाला तेव्हा बारा पुरी व्हायला अजून दोन महिने होते. या मुली पाविया नावाच्या गावच्या, मिलानच्या खाली, तिचिनो नदीच्या काठावरचं गाव, म्हणजे आपल्या सांगलीसारखंच नदीकाठचं. मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू, रोम नाही, मिलान नाही, एका लहान गावातल्या, शाळेत जाणाऱ्या पोरी सरळ ऑलिम्पिकला गेल्या आणि मेडल घेऊन आल्या.

पण ताई, ते दिवस वेगळे होते. तेव्हा सगळ्या टीमने मिळून कसरती करायच्या आणि मार्क टीमला मिळायचे, एकेकट्या मुलीला मेडलच नव्हतं. आता उड्या कितीतरी अवघड झाल्यात, लहान हाडांवर त्याचा भार फार येतो, म्हणून वयाची अट हळूहळू वाढवत नेली आणि आता ज्या वर्षी ऑलिम्पिक त्या वर्षात मुलीला सोळा पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे लुइजिना आज असती तर तिला अजून चार वर्षं थांबवलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं असं माझं स्पष्ट मत आहे. तुमची पोर नऊ वर्षांची आहे, दोरीवर खेळतीय, हसत घरी येतीय ना? मग काही उशीर झालेला नाही. तिला मेडलची तारीख सांगू नका एवढं माझं ऐका.

आणि एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. त्या वर्षी गोल्ड घेणारी टीम हॉलंडची होती, त्यात पाच ज्यू मुली होत्या, पुढे नाझींनी त्यातल्या चौघींना छळछावण्यांमध्ये मारलं, त्यांच्या कोचलाही मारलं. 1928 चं बोलताना त्यांची आठवण न काढता मला पुढे जाता येत नाही.

प्रश्न (कराडहून, निवृत्त शिक्षक): आपण अल्बेर्तो ब्राल्या यांचा फक्त उल्लेख केलात. सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर: सर, तुम्ही कराडचे, म्हणजे तुम्हाला ही गोष्ट जास्त लागणार. ब्राल्या मोदेनाकडचा, जन्म 1883 चा. 1908 ला लंडनमध्ये सगळ्या प्रकारांचे मार्क धरून जी एकट्याची स्पर्धा असते त्यात त्याने 317 मार्कांनी गोल्ड घेतलं, दुसरा आलेला इंग्रज 312 वर होता. घरी आला, पण मेडलने पोट भरत नाही, मग हा सर्कशीत शिरला आणि ‘मानवी टॉर्पेडो’ म्हणून खेळ करायला लागला, त्यात अपघात होऊन हाडं मोडली, त्याच काळात त्याचा चार वर्षांचा मुलगा गेला. वरून पैसे घेऊन खेळ केला म्हणून तू आता हौशी खेळाडू नाहीस असं म्हणून त्याला बाहेर काढलं, कारण तेव्हा ऑलिम्पिकमध्ये फक्त हौशी चालायचे. शेवटी परत घेतलं आणि 1912 ला स्टॉकहोममध्ये इटलीचा झेंडा घेऊन तो सगळ्यांच्या पुढे चालला, परत तेच एकट्याचं गोल्ड जिंकला आणि टीमचंही.

पुढे तो कोच झाला. 1932 ला लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या पोरांनी टीमचं गोल्ड घेतलं, रिमिनीच्या रोमेओ नेरीने एकट्याचं आणि डबलबारचं घेतलं, साविनो गुल्येल्मेत्तीने व्हॉल्टचं, म्हणजे घोडा म्हणतात त्या साधनावरच्या उडीचं घेतलं. एवढं सगळं देऊन हा माणूस 1954 ला मोदेनात गरिबीत गेला. आणि आता तिथल्या फुटबॉल स्टेडियमला त्याचं नाव आहे.

सर, हे वाचताना मला गोळेश्वर दिसतं, आपल्या खाशाबांचं गाव. खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला गेले ते लोकांकडून पैसे गोळा करून, कुस्तीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं एकट्याच्या खेळातलं पहिलं मेडल, कराडात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण नंतर जिवंतपणी सरकारी मान किती मिळाला ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. 1984 ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार त्यांच्या मागे आला. आता 15 जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन आहे. चांगलंच झालं, पण मला राग येतो तो येतोच, मोदेनाचा पण येतो आणि आपला पण.

प्रश्न (विट्याहून, बी.ए. दुसरं वर्ष): सर मी रिंग्ज करतो, सहा महिन्यांपूर्वी टाचेमागची शीर फाटली, ऑपरेशन झालं. सगळे म्हणतात सोड आता. रिंग्जवर इटलीचा कोण मोठा होता?

उत्तर: बाळा, तू विचारलंस आणि मला एकच नाव सुचलं. युरी केकी, प्रातो गावचा. 1969 चा जन्म, अंतराळात गेलेल्या युरी गागारिनवरून नाव ठेवलेलं. तुझी जी शीर फाटली ना, अकिलीस टेंडन, तीच त्याची फाटली, 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकच्या तोंडावर. घरी बसला. नंतर 1993 पासून 1997 पर्यंत रिंग्जचा वर्ल्ड चॅम्पियन सलग पाच वेळा तोच, आणि मधे 1996 ला अ‍ॅटलांटाचं गोल्ड. मग सिडनीच्या आधी दंडाची शीर तुटली, ते ऑलिम्पिक पण गेलं. सगळ्यांना वाटलं संपलं. हा 2004 ला अथेन्सला आला, चौतीस वर्षांचा, उद्घाटनाला इटलीचा झेंडा त्याच्याच हातात, आणि ब्राँझ घेतलं. रिंग्जवर हात आडवे पसरून क्रॉस धरायचा तर दोन सेकंद हलायचं नसतं, तू करतोस म्हणजे तुला माहितीय ते दोन सेकंद किती मोठे असतात, आणि चौतिसाव्या वर्षी दुरुस्त केलेल्या दंडावर ते धरायचे म्हणजे काय.

एकटा तोच नाही. रोमचा फ्रांको मेनिकेल्ली, 1964 ला टोकियोत फ्लोअरचं, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींचं गोल्ड, रिंग्जचं सिल्व्हर, डबलबारचं ब्राँझ, त्याची पण हीच शीर 1968 ला मेक्सिकोत फ्लोअर करताना फाटली. उडी घेताना आणि खाली येताना सगळा ताण तिथेच येतो म्हणून ही शीर या खेळात एवढी जाते. फिजिओथेरपिस्ट जेवढे दिवस सांगतील तेवढे थांब, एक दिवस कमी नको. तोवर बसून करता येतं ते हाता-खांद्याचं काम त्यांना विचारून कर. सोड म्हणणाऱ्यांना केकी दाखव.

प्रश्न (वाईहून): ‘कासीना’ म्हणजे कुठली उडी?

उत्तर: सिंगलबारवरची. बार सोडायचा, शरीर एकदम ताठ ठेवून बारच्या वरून दोन कोलांट्या घ्यायच्या, त्यातच एक पूर्ण गिरकी, आणि परत बार पकडायचा. इगोर कासीनाने केली म्हणून त्याचं नाव. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकला त्याचे आणि अमेरिकेच्या पॉल हॅमचे मार्क सारखे होते, 9.812, टायब्रेकवर गोल्ड कासीनाला.

प्रश्न (इस्लामपूरहून, दोघी बहिणी): 1928 नंतर इटलीच्या मुलींनी परत मेडल घेतलं की नाही?

उत्तर: पोरींनो, फार वाट बघितली त्यांनी. वानेसा फेरारीचं नाव लिहून ठेवा. 2006 ला पंधरा वर्षांची असताना ती एकट्याच्या स्पर्धेत वर्ल्ड चॅम्पियन झाली, इटलीची पहिलीच मुलगी. मग 2012 ला लंडनमध्ये फ्लोअरवर तिसरीइतकेच मार्क पडले आणि टायब्रेकमध्ये ती चौथी. 2016 ला रिओत परत चौथी. आपली दीपा कर्माकर त्याच रिओत व्हॉल्टवर चौथी आली होती, 0.15 मार्कांनी मेडल हुकलं, त्या रात्री आपण सगळे कसे बसलो होतो आठवा, आणि वानेसाला ते दोनदा सोसावं लागलं. 2017 ला तिचीही तीच टाचेची शीर गेली. तरी टोकियोला आली, तिशीत, आणि फ्लोअरचं सिल्व्हर घेतलं, इटलीच्या मुलीचं एकटीने मिळवलेलं पहिलं ऑलिम्पिक मेडल.

आणि 2024 ला पॅरिसमध्ये टीमला सिल्व्हर मिळालं, अलीचे दामातोने बीमचं गोल्ड घेतलं, मानिला एस्पोझितोने त्याच बीमवर ब्राँझ. बीम म्हणजे दहा सेंटीमीटर रुंदीची पट्टी. टीमचं ते सिल्व्हर 1928 नंतर पहिलंच, 96 वर्षांनी. पावियाच्या त्या टीममधली शेवटची मुलगी, कार्ला मारांगोनी, शंभरी ओलांडून 2018 ला गेली. अजून सहा वर्षं मिळायला हवी होती तिला.